तुम्ही विचारलंत म्हणून: कापूस दिसला की मी एवढी का चिडते

गेल्या रविवारी परत तेच झालं. नणंदेकडे जेवायला गेलो होतो, तिच्या मुलाने नवीन हॅमस्टर आणलाय, तो बघायला गेले आणि पिंजऱ्यात निळा-गुलाबी कापूस. मी काही न विचारता हात घालून सगळा उपसून काढला. मुलगा रडकुंडीला आला, नणंद म्हणाली, "अगं वहिनी, मऊ आहे तो, थंडी वाजू नये म्हणून घातलाय, तू एवढी का चिडतेस?" हाच प्रश्न मला ऑफिसात विचारलाय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलाय, एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारलाय. तर आता एकदाच लिहून काढते, पुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

हॅमस्टर म्हणजे काय, किती झोपतो, काय खातो, ते तुम्हाला माहितीये, नाहीतर माझ्याकडे आलाच नसतात. सरळ बेडिंगवर, म्हणजे पिंजऱ्यात जे अंथरतो त्यावर येते.

आधी तुमचं ते वाक्य, "आमच्याकडे तर काही झालं नाही." हे मला सांगू नका, कारण ते माझंच आहे, मी ते दोन वर्षं वापरलंय. माझा पहिला हॅमस्टर लाडू, २०१६ चा. तेव्हा शेजारच्यांकडे फर्निचरचं काम चालू होतं आणि सुतार रोज संध्याकाळी भुशाची गोणी जिन्याखाली ठेवून जायचा. फुकट! मी डबा भरून आणायचे. त्यात काय काय होतं देव जाणे, सागवान असेल, प्लाय नक्की होता, एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, तोही होता. प्लाय आणि एमडीएफ चिकटवायला जे रेझिन वापरतात त्यात बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड हे नाका-डोळ्यांना झोंबणारं रसायन असतं आणि भुसा इतका बारीक की डब्यात हात घातला की धूर निघायचा. लाडू शिंकायचा. मला ते गोड वाटायचं. त्याच्या शिंकांचे व्हिडिओ आहेत माझ्याकडे, चुलतबहिणीला पाठवलेले, खाली हसणारे इमोजी.

आणि लाडू अडीच वर्षं जगला, म्हणजे हॅमस्टरच्या मानाने भरपूर. आता करा काय करायचं ते. मी लोकांना भुशावरून लेक्चर द्यायला लागले की माझी आई मध्येच म्हणते, "तुझा लाडू तर सुताराच्या भुशावरच म्हातारा झाला." यावर माझ्याकडे उत्तर नाही, आजही नाही. शिंकत म्हातारा झाला एवढंच म्हणू शकते.

पाकिटातला "शुद्ध देवदार" भुसा चालेल का, हेही विचारता. आपल्याकडे देवदार हा शब्द फार सैल आहे, खोक्याचं हलकं फिकट लाकूड दिसलं की देवदार, मग ते चीड असो नाहीतर आणखी काही. उघडल्या उघडल्या जो छान वास येतो ना, तोच प्रॉब्लेम. १९६७ साली एलियट व्हेसेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की सेडर, पाइन (चीड त्यातलंच) असल्या वासाच्या लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांना झोपेचं औषध दिलं तर ते लवकर जागे होतात, कारण त्या वासाच्या द्रव्यांमुळे लिव्हरमधली औषध पचवणारी एन्झाइम्स वाढलेली असतात. म्हणजे भुशाने उंदीर पटापट मेले असं नाही, उगाच घाबरवत नाही. पण चोवीस तास ज्यावर झोपायचं त्याने लिव्हरला कामाला लावायचं कशाला? भट्टीत नीट वाळवलेल्या पाइनमध्ये हे बरंच कमी होतं, अस्पेन नावाचं बिनवासाचं लाकूड मिळालं तर उत्तमच, पण आपल्या दुकानात विचारून बघा "हे कुठलं लाकूड आहे", दुकानदार पाकीट उलटंपालटं करून बघतो आणि म्हणतो, "मॅडम, हॅमस्टरचंच आहे."

हॅमस्टरचंच आहे. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि का ते आता सांगते.

डिसेंबर २०१९. दुसरी हॅमस्टर, बुंदी, सोनेरी, जेमतेम सहा महिन्यांची. डोंबिवलीत थंडी ती कसली, पंख्याचा स्पीड दोनवर आणला की आपण स्वेटर काढतो, पण मला वाटलं हिला गारठा लागेल. दुकानात घरट्यासाठी म्हणून रंगीत कापसाचं पाकीट मिळालं, एकशेवीस रुपये, वर कापसात डोळे मिटून बसलेल्या हॅमस्टरचा फोटो. घरी आणलं तेव्हा सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी पाकिटातून चिमूटभर काढला, करंगळीला गुंडाळला, ओढून बघितला. म्हणाल्या, "अगं, हा तुटत नाही. आणि पीळ बसला की साध्या कापसाचाही दोरा होतो. पायात अडकेल तिच्या."

मी म्हटलं, "आई, हा खास त्यांच्यासाठीच असतो." आणि हसले. ते हसणं मला आठवतं.

बुंदीला कापूस फार आवडला, गालाच्या पिशव्यांत भरभरून नेला, कोपऱ्यात मोठं घरटं केलं. तिसऱ्या की चौथ्या रात्री चाकाचा आवाज आला नाही. एरवी रात्री एकपासून घरघर घरघर चालू, नवरा उशी कानावर घेऊन झोपायचा. मला बरं वाटलं. खरंच, मी मनात म्हटलं, चला आज शांत झोप. दुसऱ्या रात्रीही आवाज नाही. खायला ठेवलेलं संपलेलं होतं म्हणून मी घरटं उघडून बघितलं नाही, आणि झोपलेल्या हॅमस्टरला उठवू नये हे मीच लोकांना सांगायचे.

सकाळी सासूबाईंनी हाक मारली. बुंदी बाहेर आली होती आणि मागचा डावा पाय ओढत होती. पाऊल काळं पडलेलं, मनुक्यासारखं, आणि त्याच्या वर अगदी बारीक गुलाबी रेघ. मला आधी वाटलं जखम आहे. तो धागा होता. चामडीत इतका रुतलेला की दिसतच नव्हता, आणि त्याचं दुसरं टोक घरट्याला, म्हणजे ती सगळं घरटंच मागे ओढत आणत होती. मी नखाने सोडवायला गेले तर ती किंचाळली. हॅमस्टर किंचाळतो हे मला माहीत नव्हतं.

जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं बघतो, हे इतकं लहान नाही करू शकत. मग हॅमस्टर बघणारे दुसरे डॉक्टर फोनाफोनी करून शोधले, सकाळी नऊची लोकल, मांडीवर भोकं पाडलेला डबा, बायका विचारतायत डब्यात काय आहे. मी म्हटलं औषध आहे. का म्हटलं माहीत नाही. डॉक्टरांनी भिंग लावून धागा कापला, तीन वेढे होते. मग पाऊल उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "हे वाचणार नाही. निम्मं काम तर तिनेच केलंय." पाय सुटावा म्हणून ती स्वतःच कुरतडत होती. पाऊल काढावं लागलं.

हे कसं होतं ते मला नंतर सासूबाईंचे हात बघून कळलं. हॅमस्टर घरट्यात गोल गोल फिरून जागा करतो ना, पायाला एक तंतू चिकटलेला असला की तोही फिरतो, म्हणजे तो प्राणी स्वतःच्या पायावर वात वळत असतो. शिवाय गालात भरलेलं थोडं गिळलं जातंच आणि आतड्यात अडकू शकतं, ते तर बाहेरून दिसतही नाही. म्हणून मी हात घालून उपसते, विचारत बसत नाही.

आता एक गोष्ट, जी मी चार-पाच वर्षं वेगळी सांगत आलेय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्याकडून ऐकलंय की बुंदीच्या पायाला सासूबाईंचा वातींचा कापूस अडकला. मी असं अगदी शब्दशः म्हणाले नसेन, "घरातला कापूस" म्हणायचे, आणि समोरचा मान डोलावायचा, "हो ना, म्हाताऱ्या माणसांना कुठे कळतं." मी दुरुस्त केलं नाही. एकदा त्या तिथेच बसलेल्या असताना मी हे सांगितलं. त्या उठून चहा टाकायला गेल्या, बस. माझी बाजू मांडायची तर, पाकिटावर फोटो होता, दुकानदाराने सेफ म्हणून सांगितलं होतं, लाडू त्याहून वाईट गोष्टींवर जगला होता. हे सगळं खरं आहे. पण करंगळीला गुंडाळून ओढून बघायला पाच सेकंद लागतात आणि ते ज्यांनी केलं त्यांना मी हसले.

बुंदी नंतर सात महिने जगली, तीन पायांवर. चाक बंदच केलं.

मग आता वापरते काय? बिनवासाचा, बिनछापील टॉयलेट पेपर आणि कागदाचं बेडिंग, महिन्याला चार-पाचशे जातात, हो, माहितीये. रद्दी का नाही, तर पाणी नीट शोषत नाही, शाई अंगाला लागते आणि बोगदा टिकत नाही. मक्याच्या बुरकुंडाचे दाणे मिळतात, दिसायला स्वच्छ, पण आपल्याकडच्या जुलैत ओले झाले की दोन दिवसांत बुरशी. मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली, ओली झाली की गोळा होणारी लिटर तर नकोच, ती गालात गेली तर तिथेच गोळा होईल. वास येतो म्हणून सुगंधी घेऊ नका आणि दर आठवड्याला सगळं धुवून काढू नका, फक्त मुताचा कोपरा काढा, थोडं जुनं ठेवा, नाहीतर त्याला घर परकं वाटतं आणि तो आणखी वास सोडतो.

जाडीबद्दल मात्र माझं माझ्याशीच जमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला एक प्रयोग झाला, २००६ साली छापून आला, सोनेरी हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर जाड बेडिंग देऊन बघितलं. १० वाले गज खूप चावायचे, ८० वाल्यांपैकी एकही चावताना दिसला नाही. सिरियात रानात ते अर्धा मीटर, कधी त्याहून खोल बीळ करतात, त्यामुळे पटतं. पण ८० सेंटीमीटर? आमच्या कपाटाचा अख्खा खण पंचेचाळीसचा आहे. शेव, म्हणजे सध्याचा, त्याला मी पंचवीस देते, आणि पावसाळ्यात खालचा थर सर्द होतो, काढायला गेलं की त्याचे सगळे बोगदे कोसळतात आणि तो दोन दिवस रुसून बसतो. न काढावं तर कुबट वास. गेल्या वर्षी पंधरावर आणलं तर गज चावायला लागला, परत पंचवीस. यंदा काय करणार विचाराल तर जूनमध्ये विचारा.

हे लिहून झाल्यावर काल सासूबाईंना वाचून दाखवलं, ती पाकिटाची गोष्ट धरून. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. टॉयलेट पेपरचा एक लांब तुकडा फाडला, मांडीवर घेऊन वळला, वात झाली, दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ओढ." मी ओढलं. तुटलं नाही. पाण्यात बुडवून ओढलं तेव्हा लगेच तुटलं. "मग लहान तुकडे कर," म्हणाल्या, "पायाला वेढा बसणार नाही इतके." रात्री शेवच्या घरट्यातून सगळे लांब तुकडे काढून बसले होते, अकरा वाजून गेले, आणि नणंदेच्या मुलाला रविवारी मी अख्खा रोल देऊन आलेय.