डब्याचं झाकण आणि २० प्रश्न

श्रावणात लेकाला २० महिने झाले, आणि त्याच सुमारास त्याला स्टीलच्या डब्याचं झाकण सापडलं. फरशीवर उभं धरायचं, गरकन फिरवायचं, खणखणत आडवं होईपर्यंत ओणवं होऊन बघत राहायचं, की पुन्हा तेच. एका दुपारी मी मोजलं, ४१ वेळा. मध्ये तीनदा हाक मारली. एकदाही वळला नाही.

त्या रात्री तो झोपल्यावर मोबाइल घेऊन बसले. काहीही शोधलं तरी उत्तर एकच, ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. मग एकेक आठवत गेलं. खुशीत आला की हात फडफडवतो, चवड्यांवर चालतो, मिक्सर लावला की कान झाकून रडतो. शब्द म्हणाल तर 'आई' आणि 'भू', बस्स. पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. मुलगे उशिराच बोलतात." माया असते या बोलण्यात, पण त्यात महिने निघून जातात. शेजारच्या वहिनींनी तर गोवर-रुबेलाचा दुसरा डोस देऊच नको म्हणून सांगितलं. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा तो लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला, तरी भीती गावोगाव फिरतेच आहे. डोस मी वेळेवर दिला.

वाट दाखवली अंगणवाडीताईंनी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतं. त्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात गेलो. ही सोय सरकारी आहे, मोफत आहे, आणि ती माहीतच नसल्यामुळे कितीतरी आया घरात रडत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी कान तपासले. हाकेला ओ न देणारं मूल कदाचित ऐकतच नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणाऱ्या बेरा तपासणीला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून त्याला पहाटे चारला उठवून एसटीत जागं ठेवलं. कान उत्तम निघाले.

मग ऑटिझमच्या चाचपणीचा २० प्रश्नांचा कागद. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असतो तो, उत्तरं हो किंवा नाही. झाकणाबद्दल काही विचारतील म्हणून मी वाट बघत होते. विचारलं ते वेगळंच. तुम्ही लांबच्या वस्तूकडे बोट केलं तर बघतो का? स्वतः बोट करून तुम्हाला काही दाखवतो का? तुमची नक्कल करतो का? खोटंखोटं जेवण भरवतो का? बोटाच्या प्रश्नाशी मी अडले. त्याला डबा हवा असला की तो माझा हात धरून डब्यावर नेऊन ठेवायचा. बोट त्यानं कधीच केलं नव्हतं.

गुण आले ५. तीन ते सात म्हणजे मध्यम धोका, तेव्हा त्याच उत्तरांवर पुन्हा सविस्तर विचारतात. त्यानंतरही दोन उरले, म्हणून विकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं. कागदावरून निदान होत नाही, कोणाकडे पाठवायचं तेवढं कळतं, हे केंद्रातल्या लोकांनी दोनदा बजावलं.

डॉक्टर मॅडम फरशीवरच बसल्या. मी पिशवीतून झाकण नेलं होतं. लेक फिरवायला लागला. त्यांनी ते काढून घेतलं नाही. दोन-तीनदा फिरू दिलं, मग फिरत्या झाकणावर अलगद बोट टेकवून थांबवलं आणि गप्प राहिल्या. लेकानं झाकणाकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडे. मग परत झाकणाकडे. आणि हसला. त्यांनी बोट उचललं, "फिरव!" म्हणाल्या. पुढच्या खेपेला झाकण फिरवून तोच त्यांच्याकडे बघत थांबला.

"हे बघायचं असतं," त्या म्हणाल्या. तेच ते करणं या वयाच्या पुष्कळ मुलांत असतं, मुलं तशीच शिकतात. त्याच्या जोडीला माणसांशी देवाणघेवाणही अडते का, हे पाहून ऑटिझम ठरतो. दीड तास तपासून त्यांनी लिहिलं: सध्या ऑटिझम म्हणता येत नाही, बोलणं मागे आहे, २४ महिन्यांना पुन्हा दाखवा. मी 'सध्या'वर अडून बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "निदान काहीही होवो, करायचं काम आजपासून तेच आहे."

जेवताना लावायचा मोबाइल त्याच दिवशी बंद केला. मोबाइलनं ऑटिझम होत नाही, पण त्या वेळात माझं त्याच्याशी बोलणं बुडत होतं. आठवड्यातून एकदा वाचा-उपचार, आणि घरी रोज झाकणाचाच खेळ: मी बोट टेकवायची, थांबायची, तो बघायचा, मी म्हणायची, "फिरव!" महिनाभरानं तो 'फी' म्हणाला.

२४ महिन्यांच्या तपासणीत दोन शब्दांची जोडी अजून नव्हती. उपचार चालूच आहेत, पुढची तारीख मार्चची.

परवा संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन दारात उभी होते. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या. लेकानं एक बोट ताठ केलं, वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऊ!"

"हो रे बाळा, ऊस."

त्यानं पुन्हा बोट केलं.