०.१ उंचीचं टेकाड

जुलैतला दिवस, सकाळपासून संततधार. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकत आलेली, त्यामुळे गगनबावडा रस्त्याकडच्या मुलामुलींना पाणी रस्त्यावर यायच्या आत घर गाठायचं होतं. आमच्याकडे एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणारी विद्यार्थिनीही त्यातलीच. निघता निघता तिने लॅपटॉप पुढे केला. "मॅडम, हे बघा की. एंटँगलमेंट मेलं आणि परत उठलं."

मॉडेल साधं होतं. दोन क्युबिट, म्हणजे तळाची आणि उत्तेजित अशा दोनच पातळ्या असलेल्या क्वांटम प्रणाली. एकमेकांशी काही देणंघेणं नाही, प्रत्येकाचा बाथ, म्हणजे ऊर्जा शोषणारा परिसर, वेगळा, तापमान निरपेक्ष शून्य. दोन्ही क्युबिट तळाशी आणि दोन्ही उत्तेजित, अशा दोन घटकांची मिळून सुरुवातीची अवस्था. पहिल्याची शक्यता ०.२, दुसऱ्याची ०.८. एंटँगलमेंट, म्हणजे दोघांमधली क्वांटम गुंतागुंत, मोजायला वूटर्सचं १९९८ सालचं कॉन्करन्स: शून्य म्हणजे गुंतागुंत नाही, एक म्हणजे पुरेपूर. आलेख ०.८ वर सुरू झाला, एका अर्धायुष्यापाशी शून्यावर आला, तिथून पुन्हा चढला आणि दोन अर्धायुष्यांना ०.१ उंचीचं टेकाड करून हळूहळू उतरला.

शून्य होणं अपेक्षितच होतं. एकेका क्युबिटचा क्षय घातांकी असतो, कधीच पूर्ण संपत नाही, पण दोघांमधलं एंटँगलमेंट मात्र ठरावीक वेळेला साफ संपू शकतं. यू आणि एबर्ली यांनी २००४ मध्ये हे गणिताने मांडलं आणि २००७ मध्ये ब्राझीलच्या गटाने ते फोटॉनवर प्रयोगात दाखवलं. खटकत होतं ते उठणं. अवस्था वेळेनुसार कशी बदलते ते सांगणारं इथलं समीकरण लिंडब्लाडचं, म्हणजेच गोरिनी, कोसाकोवस्की आणि आपले सुदर्शन यांनीही १९७६ मध्येच दिलेलं. त्यात क्षयाचे दर स्थिर, बाथला स्मृती नाही. शिवाय प्रत्येक क्युबिटवर जे घडतं ते त्याच्यापुरतंच. अशा स्थानिक प्रक्रियेने एंटँगलमेंट वाढूच शकत नाही. बाथ सामाईक असता, क्युबिटांची आपसात जोडणी असती किंवा बाथला स्मृती असती, तर गोष्ट वेगळी. स्मृती असलेल्या बाथमध्ये असं पुनरुज्जीवन होतं हे २००७ पासून माहीत आहे. इथे त्यातलं काहीच नव्हतं.

पहिला संशय वेळेच्या पायरीवर, म्हणजे प्रोग्रॅम वेळेचे जे छोटे टप्पे घेत पुढे जातो त्यांवर. ०.०१ ची ०.००५ केली, मग ०.००१. टेकाड जागचं हललं नाही. पायरीची चूक असती तर पायरीबरोबर लहान झाली असती.

तेवढ्यात लाईट गेली. मग कागद घेतला, आणि खरं म्हणजे सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती, कारण या अवस्थेचं उत्तर एका ओळीत निघतं. क्षयाची शक्यता प धरली, तर कॉन्करन्स म्हणजे ०.८ × (१ − प) × (१ − २प), आणि ही संख्या ऋण झाली की शून्य धरायची. प अर्धा झाला की शेवटचा कंस शून्य, म्हणजे बरोबर एक अर्धायुष्य. त्यापुढे कंस ऋण. प = ०.७५ घातला: ०.८ × ०.२५ × (−०.५) = −०.१.

उणे शून्य दशांश एक. टेकाडाची उंची तीच, जागाही तीच, फक्त चिन्ह उलटं.

मग आलेखाकडे पुन्हा पाहिलं तेव्हा जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. रेषा शून्यावर थांबलीच नव्हती. जमिनीवर आपटलेल्या चेंडूसारखी एकाच बिंदूला टेकून त्याच उताराने वर गेली होती. खऱ्या पुनरुज्जीवनात सहसा मधे काही काळ रेषा शून्यावर पडून राहते.

प्रोग्रॅममधली ओळ सापडायला मग दोन मिनिटं लागली. वूटर्सच्या सूत्रात ज्या मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू, म्हणजे तिच्या खास संख्या, काढायच्या ती हर्मिशियन, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंना जुळणारी, नसते. जी आयगनव्हॅल्यू शून्य असायला हवी ती दशांशाच्या सोळाव्या घरात किंचित ऋण येते, आणि वर्गमूळ काढलं की तीच चूक आठव्या घरात काल्पनिक भाग होऊन बसते. आलेख काढताना "काल्पनिक भाग टाकला" अशी ताकीद येत होती. ती घालवायला तिने शेवटच्या उत्तरालाच निरपेक्ष मूल्य लावलं होतं. ताकीद गेली, पण ऋण उत्तरं धन झाली. निरपेक्ष मूल्य लावायचंच तर आयगनव्हॅल्यूंना, वर्गमूळ काढण्याआधी. मग वर्गमुळं उतरत्या क्रमाने लावून पहिल्यातून बाकीची तीन वजा करायची, वास्तव भाग घ्यायचा आणि ऋण आला तर शून्य. क्रम हाच.

एकाच सूत्रावर विसंबायचं नाही म्हणून पार्शल ट्रान्सपोजही घेतला, म्हणजे अवस्थेच्या मॅट्रिक्समध्ये एकाच क्युबिटपुरती ओळी-स्तंभांची अदलाबदल केली. दोन क्युबिटांसाठी ही कसोटी पुरेशी आहे, हे १९९६ पासून सिद्ध आहे: सगळ्यात लहान आयगनव्हॅल्यू ऋण नसेल तर एंटँगलमेंट नाही. दोन अर्धायुष्यांना ती आली +०.०५. संशयाला जागाच उरली नाही.

या शोधात आणखी एक गोष्ट हाती लागली. टेकाडाशी तिचा संबंध नव्हता, पण ती तशीच सोडण्यासारखीही नव्हती. समीकरण ऑयलरच्या साध्या पद्धतीने सोडवलं होतं. ०.०१ च्या पहिल्याच पायरीनंतर डेन्सिटी मॅट्रिक्सची, म्हणजे अवस्था मांडणाऱ्या मॅट्रिक्सची, सगळ्यात लहान आयगनव्हॅल्यू −०.००००१६ होती. या आयगनव्हॅल्यू म्हणजे शक्यता. शक्यता ऋण, म्हणजे ती अवस्थाच नव्हे. कारण हातानेही दिसतं: दोन्ही उत्तेजित असण्याची शक्यता ०.९८ पट होते, कोहेरन्स, म्हणजे दोन घटकांमधला क्वांटम दुवा, ०.९९ पट, आणि ०.९९ चा वर्ग ०.९८०१. कोहेरन्स तेवढ्या फरकाने जास्त उरतो. ट्रेस, म्हणजे शक्यतांची बेरीज, मात्र १ च राहतो, म्हणून नुसता ट्रेस तपासणाऱ्याला हे कळत नाही. ऑयलर काढून क्राउस ऑपरेटर घातले, म्हणजे हव्या त्या वेळेची अवस्था थेट देणाऱ्या मॅट्रिक्स. या क्षयासाठी ते नेमके माहीत आहेत, आणि त्यात पायरीची भानगडच नाही.

"मग माझं सगळं वाया गेलं का, मॅडम?" छत्री उघडता उघडता तिने विचारलं.

"अगं, नाही. डिस्कॉर्ड काढलायस का? आधी एस.टी. पकड, बाकी उद्या फोनवर बोलू."

रात्री दुरुस्त प्रोग्रॅम चालवला. कॉन्करन्स एका अर्धायुष्याला शून्यावर आलं आणि तिथेच राहिलं. त्याच अवस्थांवर डिस्कॉर्ड काढलं, म्हणजे ओलिव्हिए आणि झुरेक यांनी २००१ मध्ये दिलेली एंटँगलमेंटपलीकडच्या क्वांटम संबंधाची मोजणी. दोन अर्धायुष्यांनाही ते शून्य नव्हतं. पुढे कमी कमी होत गेलं, पण मधे कुठेही तुटलं नाही. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढून तिला पाठवल्या.