चार दिवस नुसती झोपले

आज शाळेत पुस्तकवाटप होतं. पालकांची ही गर्दी, त्यात एक ताई शाळेच्या जर्मनी सहलीवरून सहज बोलून गेल्या, "मॅडमची नंतर मजा झाली की, पोरं आली आन् तुम्ही राहिला तिकडंच." हसत म्हणाल्या, मनात काही नसणारच. मीपण हसले. पण दुपारपासून ते 'मजा' काही डोक्यातून जाईना, डबापण तसाच परत आणला.

काय मजा केली मी? आठवायला बसले तर सांगण्यासारखं काही नाही. तिथल्या उल्म शहरात बहिणीकडं, सुकडं, चार दिवस राहून मुन्स्टरच्या ७६८ पायऱ्या चढले नाही. १३७७ ला बांधायला घेतलेलं, १८९० ला शिखर पूर्ण झालेलं चर्च, १६१ मीटर उंच, सुच्या गॅलरीतून रोज समोर दिसायचं आणि मी कूस बदलून परत झोपायचे. आइन्स्टाईन १८७९ ला तिथं जन्मले हे दरवर्षी वर्गात सांगते मी. त्यांचं घर युद्धात बॉम्बहल्ल्यात गेलं, पण त्या जागेवरचं स्मारकसुद्धा निघताना बॅग ओढत ओढत बघितलं, दोन मिनिटं.

त्याआधीचे नऊ दिवस मात्र मिनिटामिनिटाला आठवतायत. २६ मुलं. म्युनिकला मारियनप्लाट्झच्या चौकात सकाळी ११ ला टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर ४३ घंटा वाजायला लागतात, बाहुल्या गोल फिरतात, आदल्या रात्री मीच मुलांना हे सगळं समजावून सांगितलेलं. अख्खा चौक माना वर करून बघतोय आणि मी खाली पिवळ्या टोप्या मोजतेय. २५ च. परत मोजल्या, २५ च. पोटात गोळा. सव्विसावा खांबामागं बसून बुटाची लेस बांधत होता. नंतर बाहुल्या कशा होत्या म्हणून मुलंच मला सांगत होती. आणि रात्री पालकांचे फोन. इथले सकाळचे सहा म्हणजे तिथले अडीच, हे किती जणांना किती वेळा सांगायचं.

एअरपोर्टवर पासपोर्ट मोजून सरांच्या हातात दिले, मुलं आत गेली. रजा रीतसर घेतलेली, मुलांसोबत तिघं होते, तरी काच ओलांडून ती दिसेनाशी झाली तेव्हा आपण काहीतरी चुकीचं करतोय असंच वाटलं. घरी तर मी... जाऊ दे.

उल्मला सुनं दार उघडलं, जेवायला वाढलं, शेंगाचटणी बघून लहान पोरीसारखी खूश झाली. रात्री झोपताना म्हणाली, "अगं तो पट्टा काढ की आता." पासपोर्टचा पट्टा. नऊ दिवस कमरेला, आंघोळ सोडली तर काढलाच नव्हता, त्यात आता माझा एकटीचा पासपोर्ट होता तरी तसाच बांधलेला. काढला तर कमरेवर लाल वळ, दोन्हीकडं बकलाचा ठसा उठलेला. तिनं काही न बोलता खोबरेल आणलं, लावलं, आणि तिच्या लग्नात आईनं दिलेली आपली चादर अंगावर घातली. मला एकदम रडू आलं. का ते अजून कळत नाही. दुखत तर नव्हतं.

रविवारी तर तिथं दुकानं बंद, ड्रिलचा आवाज नाही, गवत कापायचं मशीन नाही, फक्त घंटा. उशाशी चहा ठेवलेला, गार झालेला, कुणी उठवलं नाही. सुचे मिस्टर घरात चवड्यांवर चालत होते माझ्यासाठी. लग्नानंतर मी उठेपर्यंत कुणी थांबलंय असं झालंच नव्हतं, किंवा झालं असेल, मला आठवत नाही.

दिवसभर वाईट वाटत होतं, लोकांना वाटतं फिरत होते म्हणून. आता लिहिताना वाटतंय, मजाच होती की ती. अजून कशाला म्हणतात मजा? पायऱ्या राहिल्या तर राहिल्या.

उद्या पाण्याचा दिवस, पहाटे चारला उठायचंय. त्या ताई परत भेटल्या तर सरळ सांगणारे, हो, झाली मजा, चार दिवस नुसती झोपले. खांबामागचा तो त्यांचाच. ते मात्र सांगणार नाही.