भाचीला दिलेली पाठपिशवी

आज भाची माझी जुनी पाठपिशवी न्यायला आली होती. नोकरीत रुजू होण्यापूर्वी ६ महिने एकटीने फिरण्याचा तिचा निर्णय घरात अजून सर्वांच्या पचनी पडलेला नाही. पिशवीच्या डाव्या पट्ट्यावर जाड निळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके आहेत. मी २३ वर्षांचा असताना, ज्यांची भाषा मला अजिबात कळत नव्हती अशा एका आजींनी बसस्थानकावर ते न मागता घालून दिले होते. अनोळखी माणसावर विश्वास टाकायला मी त्या दिवशी शिकलो.

चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावर चढला तेव्हा तो २२ वर्षांचा होता. वडिलांचा विरोध होता. मामांनी रदबदली केली म्हणून (हे मला आज विशेष आठवले) त्याला जाता आले. २ वर्षांचा बेत जवळजवळ ५ वर्षांवर गेला, आणि १८३६ मध्ये परतल्यानंतर त्याने पुन्हा कधीही परदेशप्रवास केला नाही, तरी त्या प्रवासातील नोंदी आणि नमुने त्याला पुढे अनेक वर्षे पुरले.

घराचे हप्ते, मुलांची शाळा, आईवडिलांची दुखणी सुरू झाली की सुट्टी दिवसांत मोजून मिळते, आणि अशा सुट्टीत ठिकाणे पाहून होतात, परंतु तिथल्या माणसांत राहणे होत नाही. प्रत्येकाला ही मोकळीक मिळत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणूनच ज्यांना ती मिळते त्यांनी ती दवडू नये, असे मला कळकळीने वाटते.

निळे टाके उसवून नवा पट्टा लावू का, असे भाचीने विचारले. मी नको म्हटले.