घोडं अडतं ते घटनास्थळाच्या रकान्यात

रस्त्यावर अपघात कुठे दाटीने होतात हे मोजताना गणित अडवत नाही, घटनास्थळ अडवतं. एफआयआरमध्ये 'पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर' असा रकाना असतो. त्यात 'दक्षिणेस ३ किमी' लिहिलं की विषय संपला! ब्लॅक स्पॉटची सरकारी व्याख्या मात्र सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्याची आहे: तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. किलोमीटरच्या हिशेबातून ५०० मीटरचा पट्टा काढायचा कसा?

पोलिसांकडून मला मिळालेल्या अपघातांच्या यादीत अक्षांश-रेखांश होते, पण कितीतरी अपघात ठाण्याच्या आवारातच पडले. नोंद ठाण्यात बसून भरली की उपकरण तिथलंच स्थान उचलतं. एकाच बिंदूवर नोंदींचा ढीग दिसला तर तो आधी बाजूला काढा, नाहीतर तिथे खोटा हॉटस्पॉट उभा राहतो.

खरी जागा घटनास्थळ पंचनाम्यात असते: किलोमीटरचा दगड, विजेचा खांब, चतुःसीमा, कोणत्या दिशेची लेन. तो मागितला तर 'यादी दिली ना' हे उत्तर. माणूस जिथे गेला ती जागा नीट सांगायला एवढी टाळाटाळ का, हा राग अजून जात नाही. चिकाटी सोडू नका, लेखी अर्जात एफआयआर क्रमांक देऊन पंचनामाच मागा.

लेन का हवी? पुण्यातल्या नवले पुलाच्या परिसरात मुख्य मार्ग आणि सेवा रस्ता शेजारीशेजारी आहेत. बिंदू जवळच्या रेषेला आपोआप चिकटवला तर उतारावरच्या ट्रकचा अपघात सेवा रस्त्यावर जातो. आधी रस्ता ठरवा, मग त्याच रेषेवर बिंदू बसवा. पूल आणि खालचा रस्ता नकाशात नुसते एकमेकांना छेदतात. तिथे चौक तयार झाला नाही ना, हे पाहा.

पुढचं सरळ आहे. यूटीएम ४३ उत्तर (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-प्रणाली), रस्त्यांचे १० मीटरचे तुकडे, रस्त्यावरून मोजलेलं अंतर, 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं स्पॅटस्टॅट हे पॅकेज आणि नेटवर्क के-फंक्शन, म्हणजे अपघात यादृच्छिक बिंदूंपेक्षा जास्त दाटीने आहेत का याची चाचणी. तुलनेचे यादृच्छिक बिंदू वाहतुकीच्या प्रमाणात टाका, नाहीतर निव्वळ गर्दीचे रस्ते हाती येतात.

आणि हो, यादी मागताना कलमं दोन्ही लिहा: १ जुलै २०२४ आधीसाठी भादंवि २७९ व ३०४अ (बेदरकार वाहन चालवणे व निष्काळजीपणाने मृत्यू), नंतरसाठी भारतीय न्याय संहिता २८१ व १०६. एकच संच लिहिला तर तीन वर्षांतला मोठा भाग गळतो.