बोअरस्कोप, फायबरस्कोप, एंडोस्कोप: मागताना नक्की काय मागायचं?

इंजिन, पाइप, गिअरबॉक्स न उघडता आत बघायच्या यंत्राला कुणी बोअरस्कोप म्हणतं, कुणी एंडोस्कोप, कुणी नुसतं पाइप कॅमेरा, आणि मग ऑनलाइन मागवलेलं यंत्र कामाचंच निघत नाही. मला हा गोंधळ फार खटकतो, कारण आतलं चित्र बाहेर कसं येतं तिथेच सगळा फरक आहे.

मूळ बोअरस्कोप म्हणजे ताठ नळी. बंदुकीच्या नळीची पोकळी म्हणजे बोअर, ती तपासायची म्हणून हे नाव. पुढे लेन्स, मध्ये लेन्सांची रांग, मागे आयपीस, म्हणजे डोळा लावून बघायची काच. वाट सरळ असेल तर चित्र एकदम स्वच्छ, वळण आलं की खेळ खल्लास.

फायबरस्कोप वाकतो. त्यात केसाहून बारीक काचेच्या हजारो तंतूंची जुडी असते, एकेक तंतू चित्राचा एकेक ठिपका नेतो आणि प्रत्येक तंतू दोन्ही टोकांना जुडीत त्याच जागी बसलेला लागतो, नाहीतर चित्राचा पार विचका होतो. हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये अशा जुडीतून चित्र नेऊन दाखवलं, केवढं मोठं काम आहे हे! जुन्या फायबरस्कोपमध्ये काळे ठिपके दिसले तर ते बहुतेक तुटलेले तंतू असतात, इंजिनातली घाण नव्हे.

व्हिडिओस्कोपमध्ये कॅमेऱ्याचा चित्र टिपणारा सेन्सरच टोकाला असतो. विमानाच्या इंजिनात आता सर्रास हाच घालतात, तरी तपासणीला बोअरस्कोप इन्स्पेक्शनच म्हणतात आणि त्यासाठी ठेवलेल्या भोकांना बोअरस्कोप पोर्ट, त्यामुळे बोअरस्कोप हे आता सगळ्यांचंच नाव झालंय. एंडोस्कोप मूळचा डॉक्टरांचा शब्द, पण स्वस्त यूएसबी कॅमेऱ्यांवर हमखास तोच छापलेला असतो.

आणि त्या स्वस्त कॅमेऱ्यांचं टोक सहसा वळवता येत नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून आत सोडला तर पिस्टनचा माथा छान दिसेल, पण व्हॉल्व्ह राहतात वर, कॅमेऱ्याच्या पाठीमागे, त्यासाठी टोक पूर्ण उलटं वळायला हवं नाहीतर पुढे आरसा लावायला हवा. म्हणून माझं म्हणणं, नाव काहीही असू दे, घेण्याआधी टोकाची जाडी किती मिलिमीटर, ते दोन दिशांना वळतं की चार, आणि फोकस किती अंतरापासून लागतो एवढं विचाराच. फोकसचं लोक विसरतात आणि मग सिलिंडरच्या भिंतीजवळ गेलं की सगळं धूसर, ओरखडा आहे की तेलाचा डाग तेही कळत नाही.