१४ कला उत्तरेला

मे २०२४ चा पहिला आठवडा. अमावास्या तोंडावर आलेली, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या डोंगरावरची ४३ सेंटिमीटर आरशाची एक दुर्बीण मी दीड तासासाठी भाड्यानं घेतली होती, त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतूसाठी. तो तेव्हा कन्या राशीत होता आणि सूर्याच्या सर्वांत जवळ जायला त्याला सप्टेंबरची अखेर गाठायची होती. म्हणजे पुढं तो किती तेजस्वी होणार यावर पैजा लावण्याचे दिवस. मला मात्र त्याची आखूड शेपटी नीट टिपायची होती, एवढंच.

ऑनलाइन दुर्बिणीवर काम करणं दिसायला फारच निरस असतं. माझ्याकडे अजून संध्याकाळ, तिथं अंधार दाटलेला. पडद्यावर एका बाजूला पूर्ण आकाशाचा काळा-पांढरा गोल, दुसऱ्या बाजूला आर्द्रता, वारा, छप्पर उघडं की बंद याच्या ओळी. विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे, टाकायचे, एक्सपोजर ठरवायचं आणि वाट बघायची. आरसा फिरल्याचा आवाज नाही, दव नाही, डास नाहीत. डास नाहीत याचं मला कधीच वाईट वाटलेलं नाही.

धूमकेतूच्या आठ फ्रेम झाल्या. ठरल्या होत्या चाळीस. पुढचं एक्सपोजर चालू असताना मी सवयीनं मायनर प्लॅनेट सेंटरची, म्हणजे लघुग्रह-धूमकेतूंचे जगभरातले वेध गोळा करणाऱ्या संस्थेची, ‘खात्री करून हवी’वाली यादी उघडली. जगभरातल्या सर्वेक्षणांना नवं काही हलताना दिसलं, की ते आधी या यादीत येतं. तिथं त्याला नाव नसतं, नुसती अक्षर-आकड्यांची तात्पुरती खूण असते. बाकीच्यांनी त्याचे वेध घ्यायचे, जागा मोजून पाठवायच्या, मग कक्षा पक्की होते. उशीर झाला तर ते हरवतं. ऑक्टोबर २००८ मध्ये सुदानवर कोसळलेला २००८ टीसी३ हा लघुग्रह सापडल्यापासून पडेपर्यंत पूर्ण एक दिवसही मिळाला नव्हता. तरी तेवढ्या वेळात शेकडो वेध जमले आणि तो कुठं पडणार हे आधी सांगता आलं.

त्या संध्याकाळी यादीत एक नवी खूण होती. तेज १८ व्या प्रतीचं, म्हणजे फारच अंधूक, मिनिटाला ३० विकला वेग (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला), काही तासांपूर्वीच सापडलेला, वेध मोजकेच. सायडिंग स्प्रिंगहून उत्तरेला ४० अंश उंचीवर. हातात दुर्बीण होती, वेळ होता. धूमकेतू काय, उद्याही तिथंच असेल, असं म्हणून मी त्याला बाजूला ठेवलं.

एवढ्या वेगाच्या लघुग्रहाला लांब एक्सपोजर देऊन चालत नाही. पाच सेकंदांत तो अडीच विकला सरकतो, म्हणजे साधारण ताऱ्याच्या ठिपक्याच्या रुंदीइतका. म्हणून पाच-पाच सेकंदांच्या बारा फ्रेम, असे तीन संच. मग सॉफ्टवेअरला वेग आणि दिशा सांगायची, की ते प्रत्येक फ्रेम तेवढी सरकवून एकावर एक रचतं. तारे लांबुळके होतात, आणि जो एकट्या फ्रेममध्ये जेमतेम जाणवतो तो लघुग्रह ठिपका होऊन वर येतो. हा क्षण मला अजूनही जादूचाच वाटतो.

तर ते झालं नाही. तिन्ही संचांत नुसते ताणलेले तारे.

पहिली शंका कक्षेवर. थोड्याच वेधांवरून काढलेली जागा चुकू शकते. यादीतच संभाव्य जागांचा पसरलेला पट्टा दाखवतात. मी पट्ट्याच्या कडेनं दुर्बीण सरकवली, आणखी बारा फ्रेम घेतल्या. काही नाही. एका जागी बारीक ठिपका उमटला आणि छाती धडधडली, पण फ्रेम एकेक करून पाहिल्या तर तो एकाच फ्रेममध्ये, कॅमेऱ्यातल्या एका बिघडलेल्या पिक्सेलनं उमटवलेला निघाला. चाळीस मिनिटं गेली होती. ‘दिसला नाही’ असं कळवावं की काय, इथवर मी आले होते.

आमच्या गटातले एक ज्येष्ठ निरीक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. त्यांना निरोप टाकला: “सर, जागेवर नाहीये. कक्षा चुकली असेल का?”

दोन मिनिटांनी उत्तर आलं. “अगं, कक्षा राहू दे. कोड कुठला घातलायस?”

मी जागांचं कोष्टक पुन्हा उघडलं. वेधशाळेच्या कोडच्या पेटीत ५०० होतं. ५०० म्हणजे पृथ्वीचं केंद्र. पेटी जशी होती तशी सोडून मी पुढं गेले होते, आणि पृथ्वीच्या पोटात उभं राहून दिसणारी जागा डोंगरावरच्या दुर्बिणीला दिली होती.

धूमकेतूच्या बाबतीत याचा पत्ताही लागला नसता. तो कोट्यवधी किलोमीटर दूर. केंद्रातून पाहा की डोंगरावरून, फरक काही विकलांचा. पण हा दगड, नंतर कळलं त्याप्रमाणे, साधारण १२ लाख किलोमीटरवर होता, चंद्राच्या जेमतेम तिप्पट अंतरावर. तिथं पृथ्वीची त्रिज्या १८ कलांचा पराशय देते, म्हणजे बघण्याची जागा बदलल्यानं तो तेवढा सरकलेला दिसतो. तो माथ्यावर असता तर फरक शून्य. ४० अंश उंचीवर होता म्हणून १४ कला, क्षितिजाकडे. माझ्या फ्रेमची रुंदी १६ कला, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ८. खुर्चीत बसून दुर्बीण चालवली, की ती कुठल्यातरी एका डोंगरावर उभी आहे हे विसरायला होतं. मी ते पुरतं विसरले होते. गंमत म्हणजे ज्या सरकण्यानं मला चकवलं, त्यावरूनच असल्या दगडांचं अंतर काढतात: दोन लांबच्या वेधशाळांनी एकाच वेळी पाहायचं आणि फरक मोजायचा. मी मोजलं नाही, नुसती आपटले.

आता वीस मिनिटं उरली होती आणि आर्द्रतेचा आकडा चढत होता. ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की छप्पर आपोआप मिटतं, कुणाला विचारत नाही. योग्य कोड घालून जागा पुन्हा काढली. बारा फ्रेम. सात मिनिटांनी बारा. आणखी सात मिनिटांनी बारा. शेवटच्या संचातली दहावी फ्रेम उतरत असताना पडद्यावर ‘छप्पर बंद होत आहे’ ही ओळ आली. अकरावी निम्मी काळी, बारावी पूर्ण.

पहिला संच रचला. मधोमध, थोडा डावीकडे, एक गोल, शांत ठिपका. दुसऱ्यात तो साडेतीन कला पुढं. तिसरा दहाच फ्रेमचा, म्हणून धूसर, पण होता. मी मोठ्यानं काहीतरी ओरडले असावे, कारण शेजारच्या खोलीतून “काय झालं?” असं विचारणं आलं. “सापडला” एवढंच सांगितलं. काय ते सांगत बसायला वेळ नव्हता.

पाठवण्याआधी फ्रेमवरची वेळ तीनदा तपासली. या वेगाला घड्याळ एक सेकंद चुकलं तर जागा अर्ध्या विकलेनं चुकते, आणि वेळ एक्सपोजरच्या सुरुवातीची की मध्याची या गोंधळानं तर चांगल्या चांगल्यांचे वेध बाद झालेत. एका संध्याकाळी दोन चुका मला परवडणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्याला रीतसर नाव मिळालं आणि वेधांच्या यादीत माझ्या तीन ओळी होत्या. पृथ्वीला धोका नव्हता. १५ मीटरच्या आसपासचा दगड, आला तसा निघून गेला. सरांना कळवलं, त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, “धूमकेतूचं काय झालं?”

धूमकेतूच्या आठच फ्रेम होत्या. त्या रचून पाहिल्या: चित्र दाणेदार, शेपटी आहे असं मानलं तर आहे. पुढचे चार दिवस सायडिंग स्प्रिंगवर ढग होते.